तीन पडदे आणि अम्माची कांडी

आमच्या नाटकातली नदी दुसऱ्या अंकात थांबली आणि सगळं सभागृह हसलं. रंगमंचावर नावाडी जीव तोडून वल्हं मारत होता, बाप मुलीचा निरोप घेत होता, आणि मागच्या तीन पडद्यांवरचं पाणी ढिम्म उभं होतं. मधल्या पडद्यावरचा बगळा तर पंख अर्धे उघडून हवेतच अडकला. नावाड्याला मागचं काही दिसत नव्हतं, तो बिचारा वल्हवतच राहिला, त्यामुळं हसू आणखी वाढलं. मी विंगेत संगणकासमोर बसून कळफलक बडवत होते. तो संगणक मीच निवडला होता.

मी गणिताची शिक्षिका. रागीट आहे हे वेगळं सांगायला नको, आमच्या शाळेच्या तिन्ही मजल्यांवर ते ऐकू येतं. पण त्या दिवशी मला रागावताही येईना. आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागतं. सामान टेम्पोत चढवताना ते सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी रंगवलेला पडदाच लावू. तो निदान मध्येच थांबत तरी नाही."

अकरा वर्षं मी त्या संस्थेत होते. कपड्यांना काजं-बटणं केली, विंगेतून विसरलेली वाक्यं पुरवली, नटांच्या भांडणांत मध्ये पडून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. पण मागच्या पडद्यांवरची दृश्यं ही तिथली माझी पहिली स्वतःची गोष्ट होती. भीमेचं पाणी मी पहाटे काठावर उभं राहून टिपलं होतं, ढग आमच्या गच्चीवरून. ते सगळं कुणाच्या तरी रंगाच्या डब्यापुढं हरावं हे मला सहन होईना. मी आठवडाभर भांडले. शेवटी सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, एक अट घातली. नवं नाटक बसलं की सगळ्यांसमोर तीन पडद्यांसकट पूर्ण तालीम करायची, तीही लागोपाठ दोनदा. एकदा जरी अडकलं तरी रंगवलेला पडदा, आणि पुढं तो विषय काढायचा नाही. चित्रकाराला त्यांनी आधीच सांगून ठेवलंय हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

खरं सांगते, पहिला संगणक मी लोक लग्नाला बँड ठरवतात तसा ठरवला होता. दिवे किती, दणका किती. काचेची पेटी, आत लाल-निळे उजळणारे पंखे, आणि गेम खेळणाऱ्यांसाठी असतं ते भलंदांडगं ग्राफिक्स कार्ड. दुकानदार म्हणाला, यावर काहीही चालेल, आणि मी मान डोलावली. बगळा अडकल्यावर माझा निष्कर्ष काय, तर याहून मोठं कार्ड घ्यायला हवं होतं! उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वह्या घेऊन बसले आणि तक्ते आखायला लागले. प्रोसेसर कुठला, कोअर किती, मेमरी किती, कार्ड केवढं. गणिताच्या बाईला तक्ता मिळाला की आपण बरोबरच आहोत असं वाटायला लागतं. प्रत्येक तक्त्याचं उत्तर एकच येत होतं, आणखी मोठं, आणखी महाग. मला ते पटत नव्हतं, पण चूक कुठं आहे हे सापडत नव्हतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली दोन यंत्रमाग, वर आम्ही. माग आता धाकटा भाऊ चालवतो, टॉवेल विणतो. अम्मानं, म्हणजे माझ्या आईनं, सत्तरी ओलांडली आहे, पण सकाळ-दुपार थोड्या कांड्या भरल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची छोटी गुंडाळी. ती धोट्यात बसते आणि धोटा मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. कांडी सरली की माग थांबतो. अम्मानं चाळीस वर्षं हेच काम केलं. चादर कुणी विणली असं कुणी विचारलं की वडिलांचं नाव निघायचं. कांडी कुणी भरली हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही, मलासुद्धा नाही.

त्या मे महिन्यातल्या एका दुपारी वरची खोली तापलेली म्हणून मी जिन्याच्या खालच्या पायरीवर तक्ते घेऊन बसले होते. भावानं त्याच दिवशी एका मागाची गती वाढवली होती. नवीन मोटर बसवून तो मोठ्या दिमाखात उभा होता. माग जोरात सुरू झाला आणि थोड्याच वेळात थांबला. भावानं पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. अम्मा कांड्या भरत होती, तिथूनच तिनं त्याची खरडपट्टी काढली. मोटर तू वाढवलीस, कांड्या भरणारी मी एकटीच, मग हा पळून जाणार कुठं, असं तिचं म्हणणं. मला हसू आलं.

मग तिनं मोर्चा माझ्याकडं वळवला. महिनाभर तोंड पाडून काय बसतेस, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. तीन पडदे, नदी, बगळा, सरांची अट, आणि याहून मोठं मशीन कुठलं घ्यावं हे ठरत नाही, तेही. ती ऐकत होती, हात चालूच होते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तेव्हा तिचं बोलणं मी मराठीत सांगते.

"मोटर केवढी हवी ते तू महिनाभर बघतेस," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला कांडी कोण देतं?"

मी वैतागले. अम्मा, त्याला कांडी नसते, म्हटलं.

"मग काय सरलं म्हणून ते थांबलं?"

वीस वर्षं वर्गात उभी राहून मी पोरांना उलटे प्रश्न विचारते, पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मी उठले, वर गेले, तापलेल्या खोलीत तो काचेचा खोका उघडला आणि पहिल्यांदाच बघितलं की माझी सगळी दृश्यं नेमकी कुठं ठेवलेली आहेत. ती एका जुन्या, संथ हार्ड डिस्कवर होती. दुकानदारानं कार्डावर सगळा जोर दिला होता आणि डिस्क घरात पडलेली कुठली तरी लावून दिली होती. तीन पडदे म्हणजे एका वेळी तीन व्हिडिओ. एक दृश्य विरून दुसरं उगवताना सहा. सहा धोट्यांना एकच थकलेला हात कांड्या पुरवत होता.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण मी गणितवाली, म्हणून आधी पडताळा घेतला, आणि बरं झालं घेतला. चांगल्या डिस्कवर फाइली टाकून चालवल्या तरी एका दृश्यातून दुसऱ्याच्या मध्यावर उडी मारली की पडदा क्षणभर अडखळायचाच. दोन दिवस वाचून वाचून त्याचं कारण कळलं. आपण मोबाइलवर बघतो तसल्या फाइलीत प्रत्येक चित्र पूर्ण नसतंच. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या कित्येक चित्रांत फक्त काय बदललं तेवढं. जागा वाचते, पण दाखवताना यंत्राला ते सगळं जोडून प्रत्येक चित्र नव्यानं उभं करावं लागतं. मध्येच उडी मारली तर आधी मागं जायचं, पूर्ण चित्र शोधायचं, आणि तिथून जुळवत यायचं. प्रेक्षक तोवर बगळा बघत बसतात.

हे मी संध्याकाळी अम्माला सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. सूत लडीनं येतं, म्हणाली, लडी कुणी धोट्यात घालतं का? आधी सोडवायची, गुंता काढायचा, कांडीवर भरायची, मग मागाकडं द्यायची. मागावर विणायचं काम, सोडवायचं नव्हे. एवढं सांगून ती भाताचं बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवशीपासून मी माझ्या सगळ्या फाइली सोडवायला घेतल्या. प्रत्येक चित्र आपापलं पूर्ण, कुणाचं कुणावर अडलेलं नाही, अशा प्रकारात त्या बदलता येतात. फाइली फुगून कितीतरी पट झाल्या. पण चालवून बघितल्या तर प्रोसेसर जवळजवळ झोपा काढत होता आणि डिस्क धापा टाकत होती. काय विकत घ्यायचं ते आता मला माझ्या नावाइतकं पक्कं कळलं. मी सगळे तक्ते फाडून टाकले. फाडताना फार बरं वाटलं.

या वेळी नव्या पेठेतल्या दुसऱ्याच दुकानात गेले. जुनं मशीन देऊन त्याबदल्यात नवं करून घ्यायचं ठरवलं होतं. दुकानदार पन्नाशीचा, सोलापुरी दखनी बोलणारा, सभ्य माणूस. व्हिडिओचं काम म्हटल्यावर त्यानंही सवयीनं मोठ्या कार्डाचाच खोका खाली काढला. मी तो परत वर ठेवायला लावला. मला कार्ड मध्यम चालेल, पण त्यातून चार तारा निघाल्या पाहिजेत, तीन पडद्यांना आणि एक माझ्यासमोरच्या स्क्रीनला. प्रोसेसरही मध्यम. डिस्क मात्र दोन आणि दोन्ही सगळ्यात चपळ. एकीवर संगणकाचं स्वतःचं बिऱ्हाड, दुसरीवर फक्त माझी दृश्यं, तिथं दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही. मग मी विचारलं, ही डिस्क तापल्यावर किती वेगानं वाचते?

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं स्टूल पुढं ओढलं. आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत, पंखा मुद्दाम बंद करून, माझ्या फाइली तासभर चालवल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात डिस्क तापवायला वेगळा खर्च नाही. डिस्क उघडीच ठेवली तेव्हा मध्यावर तिचा वेग घसरला. तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची खाचाखाचांची पट्टी बसवली, तर वेग शेवटपर्यंत घसरला नाही. घामाच्या धारा पुसत तो माणूस माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. "मॅडम," म्हणाला, "गेम खेलना नै तो इत्ता बडा कार्ड कायकू लेते लोगां, मैं भी कब्बी पूछ्या नै." मी काचेची पेटी नाकारली आणि पुढून-मागून जाळी असलेली साधी काळी पेटी घेतली, हवा खेळती राहावी म्हणून. दुकानातून निघताना माझी मान इतकी ताठ होती की चौकात ओळखीच्या बाई भेटल्या त्या म्हणाल्या, प्रमोशन झालं का?

आता माझ्या शहाणपणाची दुसरी बाजू सांगते. ते मशीन मी घरी आणलं आणि हवा चांगली लागावी म्हणून जिन्याच्या तोंडाशी, खालच्या मागांच्या बरोबर वर ठेवलं. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, नाटक बसत आलं. मी रोज संध्याकाळी दोन तास दृश्यं चालवून बघायची आणि रोज सगळं सुरळीत. सरांच्या अटीतल्या पडताळणीच्या दोन दिवस आधी दृश्यातला सूर्य उगवता उगवता अडखळला. मग पुन्हा. मग ढग. मी दुकानदाराला फोन लावून जे तोंडाला येईल ते बोलले. डिस्क बनावट आहे, तुम्ही मला फसवलंत, शहरात कुणी तुमच्याकडं येणार नाही याची मी व्यवस्था करते, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, एकदा पेटी उघडून बघा.

उघडली. आतल्या पंख्यांवर कापसाची पांढरी गादी जमली होती, बोटभर जाड. प्रोसेसरच्या पट्ट्यांत, डिस्कवरच्या खाचांत, सगळीकडं सुताचे तंतू. जाळीची पेटी मी हवेसाठी घेतली आणि ती खालच्या दोन मागांचा उडालेला कापूस महिनोन्महिने ओढत बसली. आमच्या घरात ही धूळ कुणाला दिसतच नाही. ती केसांवर बसते, भाकरीच्या टोपलीवरच्या फडक्यावर बसते, आम्ही झटकतो आणि विसरतो. दुकानात मी उन्हाळ्याचा विचार केला, डिस्कच्या तापाचा केला, पण घरात माग आहेत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. विणकराच्या घरात जन्मून ही चूक मी केली, हे लिहिताना अजून माझे कान गरम होतात. भावानं मऊ ब्रशनं सगळं साफ केलं, मी मशीन शाळेच्या प्रयोगशाळेत हलवलं, आणि दुकानदाराला पुन्हा फोन करून माफी मागितली. माझ्या तोंडून माफी ऐकायची संधी फार थोड्यांना मिळाली आहे. त्याला ते माहीत नसावं, कारण तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

पडताळणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. सरांनी खुर्ची नटांसमोर न ठेवता पडद्यांसमोर ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की हे आज नाटक बघणार नाहीत. माझ्यासमोरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, किती चित्रं दाखवायची राहून गेली त्याचा आकडा दिसतो. पहिल्या फेरीअखेर तो शून्य होता. नटांनी चहा घेतला, मी तेवढ्यात सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम मधूनच उड्या मारल्या, तिसऱ्या प्रवेशातून पहिल्यात, नदीतून रात्रीत, रात्रीतून पुन्हा नदीत. शून्य. सर उठले, चष्मा पुसला, खिशातून फोन काढला आणि चित्रकाराला पडदा नको म्हणून कळवलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नदी छान वाहते." मी घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

नव्या नाटकातही नदी होती, कारण आमच्या लेखकाशी भांडून ती मीच घालायला लावली होती. प्रयोगाच्या दिवशी अम्माला मी तिसऱ्या रांगेत बसवलं. ती आमचं नाटक पहिल्यांदाच बघत होती. विंगेतून मला ती दिसत होती, पदर डोक्यावर, पाठ ताठ, एकटक समोर. नदीचा प्रवेश आला. गेल्या वर्षीचे बरेच लोक सभागृहात होते, आणि पाणी दिसताच एक-दोघांनी खोकल्यासारखं केलं ते मला ऐकू आलं. पाणी वाहत राहिलं. बगळा डाव्या पडद्यावरून उडाला, मधल्यावरून गेला, उजव्या पडद्यापलीकडं दिसेनासा झाला. खोकले थांबले, आणि मग हळूहळू लोक मागचं विसरून पुढं काय चाललंय ते बघायला लागले. त्यांनी माझ्या पडद्यांकडं बघायचं सोडलं, हे मला त्या संध्याकाळी मिळालेलं पहिलं बक्षीस.

हौशी नाटकाचा शेवट झाला की आमच्याकडं सगळ्यांना रंगमंचावर बोलावून ओळख करून देतात, मुख्य नटापासून चहा देणाऱ्यापर्यंत. सरांनी माझं नाव पुकारलं. ‘दृश्यं’ एवढंच म्हणाले, पण आवाज जरा चढवून म्हणाले. मी गेले, नमस्कार केला, आणि परत फिरायच्या ऐवजी त्यांच्या हातातला माईक घेतला. काही ठरवलं नव्हतं. मी सांगितलं, या मशीनला काय लागतं ते मला माझ्या अम्मानं सांगितलं, ती चाळीस वर्षं कांड्या भरते आणि ती तिथं तिसऱ्या रांगेत बसली आहे.

अम्मा उठेना. शेजारच्या बायका तिला ढकलत होत्या, ती हात झटकत होती. शेवटी सर स्वतः पायऱ्या उतरून गेले आणि हात धरून तिला वर घेऊन आले. दिव्यांत तिचे डोळे बारीक झाले होते. सरांनी अदबीनं विचारलं, नाटक कसं वाटलं, आणि माईक तिच्यापुढं धरला. मराठीत बोलावं लागणार म्हणून तिनं आधी पदर सारखा केला.

"परत कदी हाय नाटक? तवा नीट बगते," ती म्हणाली. "आज पडदेच बगत होते. एकदा बी थांबले न्हाईत."

सगळं सभागृह हसलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आमच्या भागातली बरीच माणसं आली होती, ती उभी राहिली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आया कांड्या भरत आलेल्या होत्या. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे अम्माच्या लक्षातच आलं नाही. ती मागं वळून नटांकडं बघायला लागली. आणि मी, शाळेच्या तीन मजल्यांना ऐकू जाणारी बाई, सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. अम्मानं माझा दंड धरला आणि हळू आवाजात तेलुगूत विचारलं, आता काय झालं, सगळं तर नीट चाललं ना.